मंगळावरून ‘अजून नाही’ यायला किती वेळ लागतो?

मागच्या थंडीत इंदूरमध्ये एका घरगुती कथावाचनात विज्ञान-प्रेमकथा ऐकली. नायक मंगळावर; नायिका इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूचा (तळलेल्या कंदाच्या फोडींचा) द्रोण हातात घेऊन फोनवर विचारते, "जेवलास का रे?" आणि तो तत्क्षणी म्हणतो, "अजून नाही." श्रोते हळहळले, माझे मात्र कथेवरून मन उडाले. "प्रेमात कसले आले गणित?" असे शेजारच्या काकूंनी मला सुनावले.

नायकाचे यान कोणत्या इंधनावर गेले, हे लेखकाने सांगितले नाही तरी माझी तक्रार नाही. पण ज्या तंत्रज्ञानावर त्या दोघांचा विरह तोललेला आहे, ते तरी खरे वाटायला हवे. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात आणि पृथ्वी-मंगळ अंतर साधारण ५.५ ते ४० कोटी किलोमीटरांच्या दरम्यान बदलते, त्यामुळे संदेशाला एका बाजूने ३ ते २२ मिनिटे लागतात. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान कक्षेत शिरले तेव्हा हा विलंब सुमारे १२ मिनिटांचा होता. म्हणूनच इंजिन पेटवण्याच्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या.

माझ्या आवडीची गोष्ट मात्र युतीची, म्हणजे पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्यापलीकडे जाण्याची. सूर्याभोवतीच्या फेरीला पृथ्वीला ३६५ दिवस लागतात, मंगळाला ६८७. म्हणून पृथ्वी रोज १/३६५ वजा १/६८७ इतकी फेरी पुढे सरकते आणि ही आघाडी सुमारे ७८० दिवसांत एका पूर्ण फेरीएवढी होते. दर २६ महिन्यांनी मंगळ असा सूर्यापलीकडे गेला, की सूर्यबिंबाजवळून जाणाऱ्या लहरी प्रभामंडळातल्या, म्हणजे सूर्याभोवतीच्या तप्त वायूच्या आवरणातल्या, विद्युतभारित कणांमुळे विस्कटतात. आज्ञा अर्धवट पोहोचून घात होण्यापेक्षा ती न पाठवलेली बरी, म्हणून तिथल्या यानांना सुमारे दोन आठवडे नव्या आज्ञा देत नाहीत. प्रेमिकांचा असा अबोला, तोही आधीच दिनदर्शिकेत नोंदलेला! (पत्रिकेतल्या मंगळापायी लग्ने मोडणाऱ्यांनी या मंगळाचेही वेळापत्रक एकदा पाहावे.)

एकमेकांत गुंतलेल्या कणांतून निरोप तत्क्षणी पोहोचतो, असे सांगत काही लेखक ‘क्वांटम’ शब्द फेकून सुटका करून घेतात. पण गुंतलेल्या दोन कणांपैकी आपल्याकडच्या कणाचे मोजमाप काय येईल, हे आपल्या हाती नसते. दोन्हीकडची मोजमापे जुळतात हे ती ताडून पाहिल्यावरच कळते, आणि ती कळवायला पुन्हा रेडिओच लागतो.

तेव्हा मंगळ २२.५ कोटी किलोमीटरांवर धरू. रात्री ११ वाजता सराफ्यातून निघालेल्या प्रश्नाचे उत्तर ११ वाजून २५ मिनिटांनी येईल. तोवर गराडूच्या फोडी गार होऊन त्यांवरचा मसाला ओलावलेला असेल, आणि वाट पाहून तिने कदाचित दुसराच प्रश्न पाठवलेला असेल.