कापूर हुंगल्याने प्राणवायू वाढत नाही

लडाखला मोटारसायकलवर एकट्याने तंबू घेऊन निघणाऱ्यांना, कापराची पुरचुंडी हुंगल्याने विरळ हवेतही रक्तातील प्राणवायू वाढतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. कापूर नाकातील थंडावा टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो, त्यामुळे श्वास मोकळा झाल्याचा केवळ भास होतो. उंचावरही हवेत प्राणवायू 21 टक्केच असतो, मात्र हवेचा दाब घटल्याने तो प्रत्येक श्वासात कमी मिळतो आणि शरीराला त्याची सवय होण्यास दिवस लागतात. म्हणूनच सुमारे 2,000 मीटरवरील मनालीहून निघून पहिलाच तंबू सुमारे 4,300 मीटरवरील सरचूत ठोकणे धोक्याचे आहे. आधी वाटेतल्या, सरचूहून कमी उंचीवरील जिस्पा गावी मुक्काम करावा. उंचीच्या त्रासाने एकट्याचा तोल जाऊ लागला तर ते ओळखणारे सोबत कुणी नसते, याची मला फार काळजी वाटते.