न्यू हेवनचा 'अबीट्स': पार्श्वभूमी

२०२४च्या अखेरीस कनेटिकटच्या हद्दीवरच्या स्वागतफलकांवर एक नवी ओळ आली: अमेरिकेची पिझ्झा राजधानी या राज्यात आहे. त्याआधी मे महिन्यात वॉशिंग्टनला अमेरिकी संसदेत हा दावा रीतसर वाचून झाला होता. सप्टेंबरात, ज्याच्या वतीने हा दावा आहे त्या न्यू हेवनच्या मधोमध असलेल्या 'ग्रीन' या मैदानावर हजारो माणसांनी एकत्र पिझ्झा खाऊन गिनेसमध्ये नोंदही करून घेतली. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीकडच्यांनी नाकं मुरडली, तीही अपेक्षेप्रमाणे. जेमतेम १ लाख ३४ हजार वस्तीच्या गावाने शेजारच्या महानगराला असं डिवचावं याचीच लोकांना जास्त मजा वाटली असावी.

गावातल्या जुन्या पिझ्झा दुकानांत सरस कोणतं, पेपेज, सॅलीज की मॉडर्न, हा वाद इथे उगाळायचा नाही. (माझं मत मॉडर्नला. तिथली रांग जरा लहान असते, हेही त्यामागचं कारण असेल.) पण या वादात एक शब्द सतत येतो आणि तो कोणी नीट उलगडत नाही. सॅलीजच्या पाटीवर 'अपिझ्झा' लिहिलंय, मॉडर्नच्या पाटीवर तेच, शेजारच्या वेस्ट हेवनमधल्या झुपार्डीजचंही तेच. सगळ्यांत जुन्या पेपेजच्या पाटीवर मात्र 'पिझ्झेरिया नापोलेताना'. शिवाय पाटीवर 'अपिझ्झा' असलं तरी गावातली जुनी माणसं म्हणतात 'अबीट्स', 'बी'वर जोर देऊन. इथल्या विद्यापीठातला नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात 'ए पिझा' म्हणतो आणि तिथेच ओळखू येतो.

पुस्तकी इटालियनमध्ये 'ला पित्सा'. 'ला' हे स्त्रीलिंगी नामाच्या आधी येणारं उपपद. नेपल्स आणि आसपासच्या बोलीत त्यातला 'ल' गळतो आणि नुसता 'आ' उरतो, म्हणून 'आ पित्सा'. त्या बोलीत शब्दाच्या शेवटचा स्वर इतका क्षीण होतो की परक्या कानाला तो ऐकूच येत नाही. मग उरतं 'आ पित्स'. अमेरिकेत आलेल्या दक्षिण इटालियनांच्या तोंडी मधल्या 'प'चा 'ब' झाला. रिकोटाचं 'रिगोट' झालं, कापिकोलाचं 'गबगूल' झालं, तसाच हा 'अबीट्स'. मोझ्झरेलाचं 'मूट्झ' झालं आणि मेनूकार्डावर त्याचा 'मोझ' झाला.

मराठी माणसाला खरं तर हे चटकन कळायला हवं. आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. ताट, पाट, घर या सगळ्यांच्या शेवटचा 'अ' लिपीत असतो, तोंडात नसतो. अभंग म्हणायला बसलं की तो परत येऊन अक्षरसंख्या भरतो. पेपेज आणि सॅलीज ज्या रस्त्यावर आहेत त्या वूस्टर स्ट्रीटवर नेमकं हेच झालं. लिहिताना शेवटचा स्वर ठेवला, बोलताना गिळला. आणि सुरुवातीचा 'आ' नामाला चिकटला तो कायमचाच. अल्कोहोलमधला 'अल्' हे अरबी उपपद आहे, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असतं? दुकानात कोणी दोन अपिझ्झा मागितले की ते व्याकरणाने पिवळा पीतांबर मागण्यासारखंच होतं. आपल्याकडे तर ती मूळची 'ती' येऊन 'तो' झाली, कारण आकारान्त दिसली की आपण पुल्लिंग लावून मोकळे होतो. तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

मुद्दा उच्चारापुरता असता तर इतकं लिहिलं नसतं. अलीकडच्या वीसेक वर्षांत 'अपिझ्झा' हे एका वेगळ्या पदार्थाचं नाव म्हणून रूढ होतंय: पातळ, चिवट, कडेला भाकरीसारखे काळे डाग पडलेला, धड गोल नसलेला, कागद घातलेल्या पत्र्याच्या ताटात येणारा, कोळशाच्या भट्टीतला. खाद्यलेखक आणि पर्यटनखाती हीच व्याख्या सांगतात. माझ्या मते ही व्याख्या मागाहून चिकटवलेली आहे. ती खरी मानली तर जिथून सगळं सुरू झालं त्या पेपेजच्या पाटीवर हा शब्दच नाही, आणि १९३४पासून चालणाऱ्या मॉडर्नची भट्टी विटांची असली तरी तेलावर चालते. ज्यांनी पाट्या रंगवल्या त्यांनी शैलीला नाव दिलं नव्हतं. घरात आजी ज्याला जे म्हणायची ते कानाला आलं तसं रोमन लिपीत उतरवलं, एवढंच. एखाद्या मुंबईकराने 'पोहे'ला 'पोहा' लिहिलेलं पाहून कोणी 'पोहा ही वेगळी पाककृती' म्हणून लेख लिहावा, तसंच काहीसं हे झालंय.

चीजची भानगड याच शब्दाच्या पोटात आहे. इथे 'प्लेन' मागितला तर मोझ्झरेला येत नाही. टोमॅटो, ऑलिव्ह तेल, ओरेगानो आणि वरून किसलेलं कडक पेकोरिनो (मेंढीच्या दुधाचं चीज), बस्स. मोझ हवं असेल तर कांदा किंवा मशरूम मागावं तसं वेगळं सांगायचं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं की वाढपी चीज घालायला विसरला. आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी तर ताट परत पाठवलं होतं, आणि आतल्या माणसाने ते अजिबात न चिडता, अगदी सवयीने, परत घेतलं होतं. कडक शाकाहारी मंडळींसाठी जाता जाता: पेकोरिनो रोमानो कोकराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचकद्रव्याने, विरजतात. 'यात मांस नाही ना' एवढं विचारून हे कळत नाही.

आता मूळ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून अमाल्फी, आत्रानी, मायोरी अशा समुद्रकाठच्या गावांतून माणसं इथल्या कारखान्यांत कामाला आली. कुलपं, बिजागऱ्या, रबरी बूट, बंदुका असं बरंच काही इथे बनत असे. एकाच गावची माणसं एकाच गल्लीत राहिली आणि आपापला ग्रामदेवतेसारखा संत सोबत घेऊन आली. मायोरीहून आलेल्या एका तरुणाने आधी शेवयांच्या कारखान्यात, मग बेकरीत काम केलं. पिठाच्या चकत्यांवर टोमॅटो लावून त्या डोक्यावर चुंबळीसारखं काहीतरी ठेवून बाजारात विकल्या, असं सांगतात. १९२५मध्ये त्याचं दुकान झालं, तेच पेपेज. १९३८मध्ये त्याच्या भाच्याने त्याच रस्त्यावर थोडं पुढे सॅलीज सुरू केलं. काका-मामा-भाच्यांनी एकाच गल्लीत समोरासमोर धंदा थाटणं आपल्याला नवं नाही. गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातून सुटलेली माणसं. पिझ्झा हे तेव्हा स्वस्त जेवण होतं, त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं.

गावाचा चेहरा बदलला तो १९५०-६०च्या दशकांत. १९५४ ते १९७० सलग मेयर राहिलेल्या गृहस्थांनी जुनी वस्ती पाडून नवं शहर उभारण्याचा ध्यास घेतला होता. त्यासाठी केंद्र सरकारकडून दरडोई इतका पैसा देशातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराला मिळाला नाही. ओक स्ट्रीटची गजबजलेली, बहुजिनसी वस्ती सपाट झाली. शेकडो कुटुंबं उठवली गेली आणि तिथे १९५९मध्ये एक रुंद जोडरस्ता आला, जो पश्चिमेला ठरला होता तिथपर्यंत कधी पोचलाच नाही. आता गेली काही वर्षं त्याचा खड्डा बुजवून पुन्हा इमारती उभारण्याचं काम चालू आहे.

पुढचा नंबर वूस्टर स्क्वेअरचा, म्हणजे वूस्टर स्ट्रीटजवळच्या चौकाचा होता. न्यू हेवनहून उत्तरेला जाणाऱ्या महामार्गाची मूळ आखणी या चौकातून होती. रहिवासी आणि जुन्या घरांची कदर असणारे काही जण उभे राहिले, वाटाघाटी झाल्या आणि रस्ता पूर्वेकडे सरकला. चौकाभोवतीची एकोणिसाव्या शतकातली घरं पाडण्याऐवजी दुरुस्त झाली. पुढे १९७०मध्ये तो भाग शहरातला पहिला संरक्षित ऐतिहासिक विभाग ठरला. सरकारी पुस्तिकांत ही यशोगाथा म्हणून येते, आणि चौकात एप्रिलमध्ये चेरी फुलल्यावर ती पटतेही. (ती झाडं १९७३मध्ये लावलेली, म्हणजे या गोष्टीच्या मानाने कालची.)

पण रस्ता सरकला म्हणजे हवेत गेला असं नाही. चौकाच्या पूर्वेलाही माणसं राहत होती, तिथेही बेकऱ्या आणि वाणी होते. ती घरं गेली. जुना परिसर दोन तुकड्यांत कापला गेला आणि ज्यांना उठावं लागलं ते ईस्ट हेवन, वेस्ट हेवन, हॅम्डेन असे पांगले. चौकाजवळचे मोठे कारखानेही हलले. 'वस्ती वाचली' हे वाक्य पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं तरच खरं वाटतं. उलट बाजूने हेही मान्य करायला हवं की मूळ आखणी अमलात आली असती तर आज ज्या दुकानांपुढे रांगा लागतात त्यांच्या आसपास चौक म्हणून काही उरलंच नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गौरवगीतांत मात्र एकच ऐकू येते.

आणि पिझ्झाचं पुढे जे झालं ते याच रस्त्यामुळे झालं, असं मला वाटतं. चालत येणारं गिऱ्हाईक पांगलं आणि ते शनिवारी गाडी घेऊन परत येऊ लागलं, मुलंबाळं घेऊन, आठवणीखातर. त्याच महामार्गावरून न्यूयॉर्क-बोस्टनची माणसं उतरू लागली. गल्लीतलं रात्रीचं जेवण होतं ते मुद्दाम गाडी काढून जायचं ठिकाण झालं. रांग आली ती तेव्हापासून.

तिसऱ्यांचा (क्लॅम या शिंपल्यांचा) पिझ्झाही याच काळातला, १९६०च्या दशकातला. पेपेजमध्ये आधी कच्च्या तिसऱ्या उघड्या शिंपल्यात तोंडी लावायला मिळत, मग त्या पिठावर गेल्या. लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, किसलेलं चीज. टोमॅटो नाही, मोझही नाही. लाँग आयलंड साउंडच्या किनाऱ्यावरच्या गावात हे कुणाला आधी का सुचलं नाही हे कोडंच आहे. मालवणी माणसाला पहिल्या घासाला खोबऱ्याची उणीव जाणवते, दुसऱ्या घासाला तो विसरतो. सोबत इथलंच, १९२२पासूनचं फॉक्सन पार्कचं सोडा पेय घेतात. त्यातलं 'व्हाइट बर्च' पिताना सांधेदुखीच्या मलमाची आठवण झाली तर दचकू नये, वास जवळजवळ तोच आहे.

नंतरचा प्रवास वेगाने झाला. १९९०च्या दशकात क्राउन स्ट्रीटवरच्या 'बार'ने कुस्करलेला बटाटा आणि बेकन घालून पिझ्झा काढला. वूस्टर स्ट्रीटवरच्या जुन्यांनी भुवया उंचावल्या, विद्यार्थ्यांनी तो डोक्यावर घेतला. २००६मध्ये पेपेजने पहिली शाखा काढली, फेअरफील्डला, जुन्या भट्टीच्या मापाबरहुकूम भट्टी बांधून. आता त्यांच्या शाखा राज्याबाहेर पार फ्लोरिडापर्यंत आहेत. सॅलीज २०१७मध्ये कुटुंबाच्या हातून नव्या मालकांकडे गेलं आणि तिथूनही शाखा फुटू लागल्या. यावर गावात दोन तट आहेत. माझा कल उघड आहे: मॉडर्नने एकाच पत्त्यावर राहून जे टिकवलं ते मोजायला शाखांचा आकडा उपयोगी पडत नाही. तरी फेअरफील्डचा पिझ्झा मी खाल्ला आहे आणि तो वाईट नव्हता, हे लिहिलं नाही तर खोटं ठरेल.

चौकातही बदल झाले. १८९२पासून उभा असलेला कोलंबसाचा पुतळा २०२०च्या जूनमध्ये हलवला गेला. त्या दिवशी चौकात दोन्ही बाजूंची माणसं जमली होती आणि बोलाचाली शब्दांवरच थांबली नाही. त्याच्या जागी २०२४मध्ये बोटीतून उतरलेल्या एका इटालियन कुटुंबाचं शिल्प आलं, चौघांचं, हातात सामान घेतलेलं. ज्या वर्षी राज्याने राजधानीचा दावा ठोकला त्याच वर्षी.

२०२५मध्ये पेपेजला शंभर वर्षं झाली. वूस्टर स्ट्रीटवर शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर गेलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही. रांगेत मागे-पुढे 'अपिझ्झा' हा शब्द बहुतेक जण लिहिल्याप्रमाणे, तिन्ही अक्षरं स्वच्छ उच्चारत म्हणतात. 'अबीट्स' ऐकायचं असेल तर ईस्ट हेवनच्या एखाद्या छोट्या दुकानात मंगळवारी दुपारी जावं लागतं.