सुरतवाले : खान्देशातल्या उपरेपणाची पार्श्वभूमी

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागात सकाळी चहाच्या टपरीवर पाच मिनिटं थांबलं, की "काय भो, कसा शे?" असं अहिराणीत कानावर पडतंच. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या गावांत, ज्याचं सुरतेला कुणीच नाही असं घर शोधून काढावं लागेल. गावात या माणसांना 'सुरतवाले' म्हणतात. तिकडे ते महाराष्ट्रातले. एरवी दोन्ही नावांनी कुणाचं काही बिघडत नाही. साथ, दंगल, पूर असं काही झालं की मात्र ती टोचायला लागतात. ती का टोचतात हे समजून घ्यायला सुरतेच्या आधी खान्देशाकडेच बघावं लागतं, कारण इथे आलेल्या माणसांची गोष्ट गेलेल्यांच्या गोष्टीपेक्षा बरीच जुनी आहे.

मुळात ज्या अहिराणीवरून आपण परक्या गावात एकमेकांना ओळखतो, ती बोली अहिरांच्या नावाची, आणि अहीर म्हणजे गुरं घेऊन फिरणारे लोक. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने १९०७ साली भारतीय भाषांच्या पाहणीत खान्देशीला भिल्ली बोलींबरोबर बसवलं आणि त्याच खंडात बंजाऱ्यांची बोलीही घातली. अभ्यासकांमध्ये यावर वाद आहेत, पण गुजरातीची छटा कुणालाही ऐकू येते. इथले गुजर आणि लेवा पाटीदार आपली मुळं गुजरात-राजस्थानकडे सांगतात. लेवा लोक तर पावागड पडल्यानंतर निघालो, असं परंपरेने सांगत आले आहेत. त्यांच्या लेवा गणबोलीत आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी ओव्या रचल्या, आणि आज मराठी माणसाला खान्देशच्या मातीचा आवाज म्हणून पहिल्यांदा तोच आठवतो. बाहेरून आलेली बोली मातीची व्हायला किती पिढ्या लागल्या असतील कुणास ठाऊक.

लिखित कागदांत उलथापालथ ठळक दिसते ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा या मुलखातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावंच्या गावं ओस पडली आणि जगली वाचलेली पुष्कळ माणसं गुजरातेत उतरली. म्हणजे तापीच्या कडेने खाली जाण्याची वाट गिरण्यांच्या आणि मागांच्या फार आधीची आहे.

याच काळात इथल्या गढ्या आणि किल्ले अरब शिपायांच्या हातात होते. मराठी सरदारांनी पगारावर आणलेले हे लोक. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पगार देणारे गेले, पण अरब जागचे हलले नाहीत. मालेगावचा भुईकोट, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेला, त्यांनी मे-जून १८१८ मध्ये जवळजवळ महिनाभर लढवला. इंग्रजांची दोनशेच्या वर माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. शेवटी किल्ला पडला तेव्हा या अरबांना सुरतेला नेलं आणि तिथून जहाजात घालून अरबस्तानात धाडलं. मला ही नोंद वाचताना नेहमी प्रश्न पडतो : त्यांतल्या किती जणांची बायकामुलं मालेगावातच राहिली असतील? हुकूम करणाऱ्यांना असा प्रश्न पडला नसावा. राज्य बदललं आणि कालचा नोकर एका महिन्यात परदेशी ठरला.

त्याच इंग्रजांनी दुसऱ्या परक्यांना मात्र बोलावून आणलं. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं तेव्हा ते जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव होतं. व्यापारी, कारागीर यावेत म्हणून घरासाठी जागा बिनभाड्याने दिल्या, बांधायला उचल दिली. आजच्या जुन्या धुळ्यातल्या सरळ गल्ल्या त्या वेळच्या. आपण 'मूळचे धुळ्याचे' म्हणतो त्यांतल्या कितीतरी घराण्यांचं मूळ या फुकटच्या जागेत आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं आहे ते भिल्लांचं. ते कुठून आलेच नव्हते, तरी त्यांच्याच डोंगरात ते 'बंडखोर' आणि 'लुटारू' झाले. १८२५ पासून आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली आणि भिल्लांना आवरायला भिल्लच कामाला लावले.

१८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले. आझमगड, मऊ, बनारस, अलाहाबाद या पट्ट्यातून बंडानंतरच्या धरपकडीला आणि उपासमारीला कंटाळून ते आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, धुळ्याला मुक्काम टाकला. मालेगाव तेव्हा खान्देशातच होतं. १८६९ मध्ये ते नव्या नाशिक जिल्ह्यात गेलं. हातमाग घेऊन आलेल्या या माणसांनी मालेगावला कापडाचं गाव केलं. पुढे दीडशे वर्षांनीही दंगलीच्या दिवसांत त्यांना 'बाहेरचे' म्हणणारे लोक असतात, हे इथे सांगायलाच हवं.

मग रेल्वे आली, कापूस आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते ६५ मध्ये खान्देशी कापसाला सोन्याचा भाव दिला. भुसावळ हे साधं खेडं, ते जंक्शन झालं. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे मात्र त्याच रुळांनी बसवून टाकले. शतक संपता संपता तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरपर्यंत पोहोचली आणि सुरत एका दिवसाच्या टप्प्यात आली. अमळनेरला १९०६ मध्ये प्रताप मिल निघाली तेव्हा लोक इकडे येत होते, तिकडे जात नव्हते. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण १९२४ मध्ये अमळनेरला शिक्षक म्हणून आले आणि पुढे तिथल्या मजुरांच्या लढ्यांत उतरले; अमळनेरकर आजही ते आपलेच म्हणून सांगतात. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जळगाव-धुळ्यात उतरली, बाजारपेठेत बसली आणि बाकीच्यांपेक्षा लवकर मिसळली. व्यापारात रोज तोंडाला तोंड पडतं, हे एक कारण असावं.

सुरतवाल्यांच्या गोष्टीला खरं वळण मिळालं १ मे १९६० ला. मुंबई राज्य फुटलं तेव्हा पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. निझर, उच्छल हा भाग त्यातलाच. कुणी घर हलवलं नाही, शेत हलवलं नाही. शाळेची भाषा बदलली, कचेरीची भाषा बदलली, लग्नाच्या सोयरिकी राज्याच्या पलीकडे गेल्या. आणि सुरतेला कामाला जाणं, जे काल 'जिल्ह्याबाहेर' जाणं होतं, ते आज 'परराज्यात' जाणं झालं.

त्यानंतरच्या दशकांत सुरतेत यंत्रमाग वाढले, इकडे पाऊस हुकायला लागला. १९७२ च्या दुष्काळाने कितीतरी घरांतला धाकटा भाऊ गाडीत बसला. एकाने जाऊन खोली घ्यायची, मग गावातल्या दहा जणांनी पाळीपाळीने त्या खोलीत झोपायचं, अशी ती पद्धत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच गोधडीत शिरायचा.

१९९२ च्या डिसेंबरात सुरतेत दंगल पेटली. त्यातून सावरतंय तोच सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. आमच्या गल्लीत तेव्हा एक जण सुरतेहून रात्रीच्या गाडीने आला. सगळ्यांनी लांबूनच विचारपूस केली. त्याला आठ दिवस गावाबाहेरच्या खळ्यात झोपवलं. भाकरी त्याची आई बांधावर ठेवून यायची. सुरतेत तो महाराष्ट्रातला होता आणि आमच्याकडे तो सुरतेचा झाला. गल्लीतल्या कुणी मुद्दाम वाईटपणा केला असं मी म्हणणार नाही, भीती खरी होती. पण नंतर तो आखाजीलासुद्धा, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणालासुद्धा, दोन-तीन वर्षं आला नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. हेच तापीचं पाणी आधी भुसावळ, शिरपूरच्या कडेने गेलेलं. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, आणि खोल्यांमधून निघालेले लोक नवापूरच्या दिशेने पायी चालू लागले. गावोगावच्या वेशींवर पुन्हा काटे टाकले गेले. ९४ आठवणाऱ्यांना ते नवं नव्हतं. त्याच काळात, ८ मे २०२० ला, जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. ते भुसावळला निघाले होते. तिथून गाडी मिळेल असं त्यांना वाटत होतं.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खान्देशातली देवी कानबाई घरोघरी बसते. आता ती सुरतेतही बसते, वाजतगाजत. आमच्याकडे रोटांसाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. काकू मोजायला बसते तेव्हा एकेक नाव मोठ्याने घेते. सुरतेच्या तिघांची नावं ती सगळ्यांत आधी घेते, आणि त्यांच्या मुठी जरा जास्तच भरते.