केकची थाळी, मग उडती तबकडी

छत्रपती संभाजीनगरच्या एका सार्वजनिक बागेत रविवारी सकाळी आम्ही चौघं डिस्क गोल्फ खेळतो, म्हणजे प्लॅस्टिकची तबकडी फेकत ठरलेल्या लक्ष्यांना (त्यांनाच होल म्हणतात) लावायची. पहिला होल म्हणजे फाटकाजवळचा कडुनिंब, दुसरा बंद पडलेल्या कारंज्याचा कठडा, तिसरा दिव्याचा खांब. कमीत कमी फेकींत जो सगळे होल पुरे करील तो जिंकला. परवा वॉचमनकाका जवळ आले, तबकडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "थाळीफेक म्हणायची का ही?"

थाळीफेकीतली पुरुषांची थाळी २ किलोची असते, आमची तबकडी जेमतेम १७५ ग्रॅमची. तरी काकांचं फारसं चुकलं नव्हतं. १९३७ साली कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन हा तरुण आणि त्याची मैत्रीण ल्युसिल पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकत होते. झाकणाला पोचे आले, म्हणून त्यांनी केक भाजायची पत्र्याची थाळी घेतली. ती झाकणापेक्षा छान उडायची. पुढच्या वर्षी सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर ती कुणीतरी २५ सेंटला मागितली. दुकानात तिची किंमत होती ५ सेंट. मॉरिसनला धंदा सापडला.

महायुद्धानंतर थाळी प्लॅस्टिकची झाली. १९४७ मध्ये अमेरिकेत आकाशात तबकड्या दिसल्याची आवई उठली होती, तेव्हा नावही तेच पडलं : उडती तबकडी. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने मॉरिसनची तबकडी बाजारात आणली आणि त्याच वर्षी तिला 'फ्रिसबी' म्हणायला सुरुवात केली. हे नाव फ्रिसबी नावाच्या बेकरीवरून आलं. तिथल्या 'पाय' या भाजलेल्या पदार्थाच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी फेकून खेळायचे.

फेकण्याच्या चकतीचं मराठवाड्याला तसं अप्रूप नाही. नांदेडला शिखांच्या होला महल्ल्यात निहंग योद्ध्यांच्या उंच दुमाल्यावर (पगडीवर) पोलादी चक्रं दिसतात, ते मुळात फेकून मारायचंच शस्त्र.

तबकडीचा गोल्फ नेमका कुणी काढला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. झाकण आणि झाड दिसलं की पोरांना ते सुचतंच. त्याला रूप दिलं ते व्हॅम-ओतल्या एड हेड्रिक यांनी. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमचा कोर्स आखला. तिथे आधी नुसते खांब होते, आणि "लागली", "नाही लागली" अशी भांडणं. (आमच्या कडुनिंबापाशी दर रविवारी हेच होतं.) त्यावर हेड्रिक यांनी खांबाभोवती साखळ्या टांगल्या आणि खाली टोपली बसवली. तबकडी साखळ्यांवर आदळते, खळ्ळकन आवाज होतो, ती टोपलीत पडते. वाद मिटला. १९७७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. २००२ मध्ये हेड्रिक वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली.

१९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी तबकडीची कड तिरकी, निमुळती केली. ती वारा कापत लांब जाऊ लागली. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की वेग उतरताना ती डावीकडे कलते, म्हणून कारंज्याच्या होलला आम्ही जाणूनबुजून उजवीकडे, अशोकाच्या रांगेवर नेम धरतो.

मला या खेळातलं सगळ्यात पटतं ते म्हणजे याला हिरवळ लागत नाही. चेंडूच्या गोल्फचं गवत रोज पाणी पितं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. अशा मुलखात गवतावर पाणी ओतणारा खेळ सार्वजनिक बागेत कोण आणणार? तबकडीला मुरमाड उतार चालतो, वाळकं गवत चालतं, आणि झाडं जितकी अडचणीत उभी तितकी मजा.

वॉचमनकाकांनी एक अट मात्र घातली आहे. माळ्याने नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यात तबकडी गेली तर आत पाय टाकायचा नाही, त्यांना हाक मारायची. काका ती स्वतः काढून देतात, वर हसून सांगतात, "एक फेक दंड!" मूळ नियमातही हद्दीबाहेर गेलं की तेवढाच दंड आहे.