इलेक्ट्रिक टूथब्रश: घेताना काय बघावं, तोंडात कसा धरावा

इलेक्ट्रिक टूथब्रश घरात आला की सुरुवातीला बहुतेक जण तो साध्या ब्रशसारखाच खसाखसा आडवा फिरवतात. मशीनचा जोर असतोच, त्यात हाताचा जोर मिळतो. थोड्याच दिवसांत हिरड्या चुरचुरायला लागतात आणि सगळं खापर ब्रशवर फोडून तो कपाटात ठेवला जातो. हलायचं काम मशीनचं आहे. हाताने फक्त ब्रश योग्य जागी टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि पुढच्या दातावर सरकायचं. हाताची जुनी सवय मोडणं हाच यातला अवघड भाग. बटण काय, कुणीही दाबतं.

एवढा हलका हात का पुरतो, हे कळायला आपण नेमकं काय काढतोय ते बघावं लागतं. सकाळी उठल्यावर हिरडीलगत दातावरून नख फिरवलं तर पांढरट लगदा निघतो. तो प्लाक: जिवाणू आणि त्यांनीच तयार केलेला चिकट थर. आपण खाल्लेल्या साखरेचं हे जिवाणू आम्ल करतात. दाताजवळचा सामू (पीएच, आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणातले, क्षार विरघळू लागतात. प्लाक मऊ असतो, ब्रशच्या तंतूंच्या टोकांनी सहज सुटतो. पण तो तसाच राहिला तर काही दिवसांत लाळेतले क्षार त्यात बसतात आणि त्याचं किटण होतं. मग कितीही महागडा ब्रश आणा, किटण निघत नाही. ते दंतवैद्याकडेच काढून घ्यावं लागतं. किटण सगळीकडे सारखं साचत नाही. खालच्या पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वांत जास्त असतं, कारण लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या तिथेच उघडतात. ब्रश करताना घाईत हमखास सुटणाऱ्या जागाही त्याच.

मग साध्या ब्रशने भागत नाही का? भागतं, नीट केलं तर. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्यांचा, सुमारे ५००० लोकांचा एकत्रित आढावा घेतला होता. तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर इलेक्ट्रिक ब्रशवाल्यांमध्ये प्लाक सरासरी २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी दिसली. फरक खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा चमत्कारिक नाही. ज्यांचा हात नीट चालत नाही त्यांना मात्र खूप फायदा होतो: संधिवात, कंपवात, अर्धांगवायू झालेली माणसं, दातांना तारा लावलेली मुलं, आणि अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे दात घासून देणारे घरचे लोक. मुळात १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ हा ब्रश केला तो अशाच रुग्णांसाठी. तो थेट भिंतीच्या प्लगला लावून चालवावा लागे. बिनवायरचा, चार्ज होणारा ब्रश १९६१ मध्ये आला.

आज बाजारात दोन जाती आहेत. पहिलीचं हेड लहान आणि गोल असतं. ते अर्धवट वळसा घेऊन उलटं फिरतं आणि मागेपुढे ठोकेही देतं. बहुतेकांत आत साधी मोटर असते आणि तिची गोल गती दांडी-दात्यांच्या जुळणीने मागेपुढे केलेली असते. दुसरी जात सॉनिक. तिचं हेड साध्या ब्रशसारखं लांबट. हिच्या दांड्यावर चुंबक असतो, भोवती तारेचं वेटोळं. वेटोळ्यातला प्रवाह दिशा बदलतो तसा दांडा थरथरतो. वेष्टणावर मिनिटाला ३१,००० फटके असं लिहिलेलं असतं. जाणं एक आणि येणं एक असे दोन फटके धरले, तर सेकंदाला सुमारे २६० पूर्ण आवर्तनं होतात. म्हणजे ब्रशचा गुणगुणाट हार्मोनियमवरच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एक या स्वराच्या अगदी जवळ बसतो. हाताने आपण मिनिटाला फार तर दोन-तीनशे फटके मारतो.

दोन्हींत कोणता घ्यावा यावर उगाच रक्त आटवू नये. गोल हेडवाल्याच्या बाजूने थोडा पुरावा आहे, पण फरक लहान आहे. तोंड लहान असेल किंवा मागच्या दाढेपर्यंत ब्रश पोचत नसेल तर गोल हेड बरं. हिरड्या नाजूक असतील आणि ठोके सहन होत नसतील तर सॉनिक. पेन्सिल सेलवर चालणारे स्वस्त ब्रश या दोन्हींच्या मानाने बरेच मंद असतात, आणि सेल उतरत जातो तशी त्यांची गती कमी होते. प्रवासाला ठीक.

खरेदी करताना तीनच गोष्टींवर अडून बसावं. दाब जास्त झाला की दिवा लावणारा किंवा गती कमी करणारा दाब-सेन्सर. दोन मिनिटांचा टायमर, आणि तोही दर ३० सेकंदांनी क्षणभर थबकून आता तोंडाचा दुसरा पाव भाग घ्या असं सांगणारा. आणि तिसरी, जी बहुतेक जण विसरतात: बदली हेड मिळतात का आणि केवढ्याला. हेड तीन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे माणशी वर्षाला चार. एक हेड ३०० रुपयांना धरलं तर चौघांच्या घरात वर्षाला ४,८०० रुपये. हँडल एकदाच घ्यायचं असतं, खरा खर्च हेडचा. त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या अनोळखी ब्रँडचं हेड वर्षभराने बाजारातून गायब झालं, तर हँडलचा उपयोग फक्त पेपरवेट म्हणून. घरात हँडल एकच ठेवून प्रत्येकाचं हेड वेगळं ठेवलं तरी चालतं. हेडच्या बुडाशी रंगीत कडी येते ती त्यासाठीच.

पाच-सहा मोड, मोबाइलचं अॅप, अतिनील किरणांची डबी यांवर पैसे घालवू नयेत. ‘व्हाइटनिंग’ मोड म्हणजे वेगळ्या लयीतली थरथर. चहाचे, पानाचे वरवरचे डाग थोडे निघतील, दाताचा मूळ रंग बदलत नाही. हेड नेहमी ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’च घ्यावं. मऊ ब्रशमधला नायलॉनचा तंतू सुमारे ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि चांगल्या हेडमध्ये प्रत्येक तंतूचं टोक घासून गोल केलेलं असतं. नक्कल केलेल्या हेडमध्ये ते नुसतं कापलेलं, धारदार राहू शकतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं तर फरक कळतो.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ब्रश मागवणाऱ्यांनी चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचावीत. ‘१००–२४० व्होल्ट’ असेल तर नुसता प्लग बदलणारा अॅडॉप्टर पुरतो. ‘११०–१३० व्होल्ट’ असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो लावताच जळू शकतो. अॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही.

आता वापर. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. जास्त घेतली तर तोंड फेसाने भरतं आणि माणूस मिनिटभरातच थुंकून मोकळा होतो. ब्रश तोंडात गेल्यावरच बटण दाबायचं, नाहीतर आरसा आणि शर्ट दोन्ही पांढरे. सॉनिक ब्रश हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत तिरका धरायचा, तंतू थोडे दातावर आणि थोडे हिरडीवर टेकतील असा, आणि अगदी सावकाश सरकवायचा. गोल हेड मात्र एकेका दातावर ठेवायचं, त्याच्या गोलाईने फिरवायचं, मग पुढचा दात. आधी सगळ्या बाहेरच्या बाजू, मग आतल्या, शेवटी चावण्याच्या. क्रम कोणताही चालेल, पण रोज तोच ठेवावा. क्रम बदलला की काहीतरी सुटतं.

अक्कलदाढा सोडल्या तर तोंडात २८ दात. १२० सेकंद २८ दातांना वाटले तर एका दाताला चार सेकंदांपेक्षा किंचित जास्त मिळतात, आणि त्यात त्याच्या तीन बाजू करायच्या. त्यामुळे टायमरची दोन मिनिटं ही किमान मर्यादा समजावी. ज्यांच्या हिरड्या सुजतात किंवा दात वेडेवाकडे आहेत त्यांनी टायमर संपल्यावर ब्रश पुन्हा सुरू करून आणखी मिनिटभर द्यावं.

वरच्या शेवटच्या दाढेची गालाकडची बाजू तोंड मोठं उघडून नीट होत नाही. तोंड वासलं की खालच्या जबड्याचा हाडाचा कोपरा पुढे सरकतो, गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटावं, जबडा किंचित त्याच बाजूला सरकवावा, मग हेड आत जातं. खालच्या पटाशीच्या दातांमागे ब्रश उभा धरावा. दोन दातांमधल्या फटीत मात्र कोणताच इलेक्ट्रिक ब्रश नीट पोचत नाही, ‘सॉनिक लहरी’ची जाहिरात कितीही केली तरी. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, आणि फट मोठी असेल तर बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा पण काडीएवढा इंटरडेंटल ब्रश.

दाब मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा उत्तम. ब्रश बंद ठेवून, नेहमीच्या पकडीने तंतू काट्यावर टेकवा. आकडा १०० ते १५० ग्रॅमच्या आसपास असावा. सवयीने बरेच जण ३००-४०० ग्रॅम दाबतात. एवढ्या दाबाखाली तंतू आडवे होतात, टोकांऐवजी त्यांची कड दाताला लागते, आणि साफसफाई उलट कमी होते. सॉनिक ब्रशच्या थरथरीचा पल्लाही दाबाने आखडतो. गोल हेडची मोटर अडते आणि तिचा आवाज उतरतो, तो कान देऊन ऐकला तर सेन्सरची गरजही भासत नाही. वर्षानुवर्षं दाबून घासलं तर हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते, खालचं डेंटिन (दाताचा आतला, मऊसर थर) उघडं पडतं आणि गार पाण्याने दात शिवशिवतात. ब्रश मुठीत धरण्याऐवजी पेनासारखा चिमटीत धरला की दाब आपोआप कमी होतो.

पेस्ट म्हणून काय वापरतो यालाही महत्त्व आहे. खरखरीत दंतमंजन, मीठ, कोळशाची पूड हे मिनिटाला हजारो वेळा हलणाऱ्या ब्रशसोबत म्हणजे दातावर पॉलिशपेपर. मशेरी तर कोणत्याही ब्रशने नको. तो भाजलेला तंबाखू आहे. लिंबूसरबत, कोकम किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर, तसंच आंबट ढेकर किंवा उलटी झाल्यावर, लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं. नुसत्या पाण्याची चूळ भरून अर्धा तास थांबावं. ब्रश झाल्यावर मात्र फेस थुंकून टाकावा आणि खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १००० भाग, आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मुलं पेस्ट गिळणार नाहीत याकडे जास्त लक्ष हवं. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाचा ब्रश मोठ्यांनीच फिरवावा, इलेक्ट्रिक असला तरी.

ब्रश बिघडतो तो बहुधा हेड आणि हँडलच्या सांध्यात. वापरल्यावर हेड तसंच लावून ठेवलं की पेस्टचं पाणी ओघळून खाली साचतं आणि चार दिवसांनी तिथे काळपट, वास मारणारा गाळ दिसतो. रोज हेड काढून दोन्ही वेगळं धुवावं, पुसावं, हेड उघड्यावर उभं वाळू द्यावं. बोअरचं जड पाणी असेल तर धातूच्या दांड्याभोवती पांढरे क्षार बसतात. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने ते पुसावेत, पण दांड्याभोवतीचं रबर टोकरू नये. ते फाटलं की पाणी थेट मोटरमध्ये. गोल हेड आणि हँडलमध्ये काही ब्रशांत बारीकशी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती बुजवायला हेड ठोकून बसवू नये. अचानक खडखड सुरू झाली तर आधी नवं हेड लावून पाहावं, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबते. तीन महिने व्हायच्या आधीच तंतू बाहेरच्या बाजूला फिसकटले असतील तर हात जड आहे असं समजावं.

नवीन ब्रशने पहिले आठ-दहा दिवस हिरड्यांतून थोडं रक्त येऊ शकतं. सुजलेली हिरडी आहे म्हणून ते येतं; घाबरून ती जागा टाळली तर सूज वाढते. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबलं नाही तर दंतवैद्याला दाखवावं, मधुमेह असेल तर आणखी लवकर. पेसमेकर असलेल्यांनी ब्रश आणि चार्जर वापरण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं, कारण चार्जर चुंबकीय क्षेत्रातून वीज पोचवतो. लिथियम बॅटरीचा ब्रश विमानप्रवासात हातातल्या बॅगेत ठेवावा आणि ट्रॅव्हल लॉक लावावा, नाहीतर बॅगच गुणगुणायला लागते. बॅटरी मेलेलं हँडल घंटागाडीत टाकू नये. ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्यायचं.