चेंडूचा वेग, फोनचा कॅमेरा आणि 'अंपायर्स कॉल'

रविवारी सकाळी भाचा नवा सीझन बॉल पँटला घासत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, माझा स्पीड किती असेल गं?" तो पंधरा वर्षांचा आहे आणि मध्यमगती टाकतो. टीव्हीवर प्रत्येक चेंडूनंतर कोपऱ्यात आकडा उमटलेला तो लहानपणापासून बघत आलाय. स्वतःची उंची माहीत आहे, वजन माहीत आहे, पण स्वतःचा वेग माहीत नाही, हे त्याला खटकत होतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि क्रिकेटवर माझा जीव आहे. प्रश्न माझ्या दोन्ही आवडींच्या मधोमध पडला होता. मी फोन काढला.

हल्लीच्या पुष्कळ फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेता येतात. म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण ४ मिलिसेकंदांचं अंतर. ताशी १२० किलोमीटरने जाणारा चेंडू तेवढ्या वेळात १४ सेंटिमीटर सरकतो. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३०च चित्रं असतात, आणि त्यात हाच चेंडू एका चित्रातून दुसऱ्यात एक मीटरहून जास्त उडी मारतो. चेंडू हातातून नेमका कधी सुटला हेच मग सांगता येत नाही. साध्या व्हिडिओवरून काढलेला वेग ताशी सात-आठ किलोमीटर सहज चुकतो, तो यामुळेच.

फोन २४० म्हणतो म्हणून ते २४० असेलच असं नाही, म्हणून आधी त्याची परीक्षा घेतली. भिंतीवर १२२.५ सेंटिमीटरवर खूण केली आणि तिथून चेंडू नुसता सोडला. एवढ्या उंचीवरून खाली यायला कोणत्याही जड वस्तूला अर्धा सेकंद लागतो. आम्ही चित्रं मोजली, १२० भरली. या प्रयोगाला खर्च काहीच नाही, आणि घड्याळ म्हणून खुद्द पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण वापरायला मिळतं. मला तो फार आवडतो.

मग खेळपट्टी. यष्टी ते यष्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. पण चेंडू सुटतो तो गोलंदाजाच्या क्रीझच्या आसपास आणि फलंदाज उभा असतो समोरच्या क्रीझवर. दोन पॉपिंग क्रीझमधलं, म्हणजे दोन्ही टोकांना यष्टींपुढे आखलेल्या रेघांमधलं, अंतर ५८ फूट, १७.६८ मीटर. भाच्याने टाकलेला एक चेंडू चित्र-चित्र करून पाहिला. हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत १७७ चित्रं, म्हणजे ०.७४ सेकंद. भागाकार केला तर ताशी ८६ किलोमीटर.

त्याचा चेहरा पडला. पण मोजणी इथे संपत नव्हती.

तोच चेंडू आम्ही पुन्हा पाहिला, या वेळी फक्त टप्प्यापर्यंत. टप्पा सुटण्याच्या जागेपासून १२.६ मीटरवर पडला होता आणि तिथवर ११७ चित्रं लागली होती. वेग आला ९३. उरलेले पाच मीटर चेंडूने ६० चित्रांत कापले, तिथे वेग ७३च. एकाच चेंडूचे इतके आकडे, आणि सगळे खरे. हातातून सुटल्या क्षणापासून हवा त्याला मागे ओढत असते. टप्प्यावर जमीन घासून आणखी वेग खाते, आणि मऊ मैदानावर तर बराच खाते. टीव्हीवर दिसतो तो आकडा हातातून सुटतानाचा, म्हणजे सगळ्यात मोठा. हवेचा रोध हिशेबात धरून मागे गेल्यावर भाच्याचा सुटतानाचा वेग निघाला ९७च्या आसपास. तो दिवसभर खूश होता.

वेगवान गोलंदाजांची तुलना करताना म्हणूनच माझं मन अडखळतं. ऑस्ट्रेलियाच्या जेफ थॉमसनचा वेग १९७५ मध्ये पर्थला अतिजलद कॅमेऱ्यांनी मोजला होता, तो ताशी १६०च्या घरात आला. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात केपटाऊनला इंग्लंडविरुद्ध १६१.३ चा चेंडू टाकला, तो रडारने मोजला. यंत्र वेगळं, आणि मोजायची पद्धतही वेगळी. एका किलोमीटरच्या फरकावरून दोघांना वर-खाली लावण्यात मला तथ्य वाटत नाही. दोघेही भन्नाट होते, एवढं आकडे खात्रीने सांगतात.

रडारचं तत्त्व आपल्या कानांना माहीत आहे. न थांबणारी गाडी शिट्टी वाजवत स्टेशनातून जाते, तेव्हा जवळ येताना शिट्टीचा सूर चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. रडार गन शिट्टीऐवजी रेडिओलहरी सोडते, चेंडूवर आपटून परत आलेली लहर ऐकते आणि तिचा सूर किती बदलला ते बघते. समजा गन सेकंदाला २४०० कोटी कंपनांची लहर सोडते आणि चेंडू ताशी १४४ किलोमीटरने येतोय. परत येणाऱ्या लहरीत भर पडते ती फक्त ६४०० कंपनांची. एवढ्या प्रचंड आकड्यातला एवढासा फरक ओळखायचा कसा? तानपुरा लावताना आपण जे करतो तेच गन करते. जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की एकत्र वाजताना आवाज हेलकावे खातो, आणि जितका फरक जास्त तितके हेलकावे जलद. गन पाठवलेली आणि परत आलेली लहर एकत्र मिसळते आणि हेलकावे मोजते. ६४०० म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारा सूर! प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरींचा खेळ अखेर कानाच्या टप्प्यात येऊन बसतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते.

गनला एक मर्यादा आहे. तिला फक्त तिच्या दिशेने येणारा किंवा तिच्यापासून दूर जाणारा वेग कळतो. चेंडूच्या रेषेत, गोलंदाजाच्या किंवा यष्टीरक्षकाच्या मागे उभं राहून मोजलं तर आकडा ठीक. बाजूला सरकून ३० अंशांच्या कोनातून मोजलं तर १३०चा चेंडू ११३ दिसतो. चूक कोनाची असते, गन बिघडलेली नसते.

फोनचीही अशीच एक खोड आम्हाला नंतर कळली. पहिल्या दिवशी अंतर कळावं म्हणून शंकू ठेवले होते, तेही गोलंदाजाला अडचण नको म्हणून खेळपट्टीच्या माझ्याकडच्या कडेला. मी बाजूला १५ मीटरवर उभी. खेळपट्टी सुमारे तीन मीटर रुंद असते, त्यामुळे शंकू चेंडूच्या रेषेपेक्षा दीड मीटर मला जवळ होते. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान. दहा मीटर गेलेला चेंडू शंकूंच्या मापाने नऊच मीटर गेल्यासारखा दिसत होता. तब्बल १० टक्के! शंकूंच्या मापाने काढलेले सगळे आकडे खोडले. आता आम्ही चेंडूच्या रेषेतच, खेळपट्टीच्या मधोमध दर मीटरला फक्कीची आडवी रेघ मारतो. वर सांगितलेला १२.६ मीटरवरचा टप्पा अशाच रेघांवर मोजलेला आहे. फक्कीचा आणखी एक फायदा होतो, टप्पा कुठे पडला त्याची खूणही उमटते.

मोजणी संगणकावर करायची असेल तर ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी केलेलं. त्यात चित्रागणिक चेंडूवर टिचकी मारत गेलं की आलेख तयार होतो. भाच्याला मात्र वहीत मोजायला आवडतं.

आवाजावरून वेळ मोजायचा मोह मला झाला होता, कारण फोनचा माइक सेकंदाला ४४ हजारांहून जास्त नोंदी घेतो, कॅमेऱ्याच्या कितीतरी पट. टप्प्याचा 'थड' आणि बॅटचा 'टक' ध्वनिमुद्रणात स्पष्ट दिसतात. पण ध्वनी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपासच जातो. फोन गोलंदाजाच्या टोकाला असेल तर बॅटचा आवाज तिथे पोचायला ०.०५ सेकंद उशीर होतो. फोनच्या भाषेत बारा चित्रं. वानखेडेला बॅटपासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला फटका आधी दिसतो आणि आवाज जवळजवळ ०.३ सेकंदांनी येतो, तो हाच उशीर. १९९०च्या दशकात ॲलन प्लॅस्केट या इंग्लिश संगणकतज्ज्ञाने स्निकोमीटर, म्हणजे चेंडू बॅटला निसटता लागला का ते आवाजावरून दाखवणारं तंत्र, बनवलं, तेव्हा आवाजाची रेघ आणि चित्र एकमेकांशी बिनचूक जुळवणं महत्त्वाचं होतं. माइक यष्टींजवळ ठेवल्याने हा उशीर नगण्य होतो.

आता भाच्याच्या ९७कडे परत येते. सुटण्याचं आणि टप्प्याचं चित्र ओळखताना एकेक चित्राची चूक होऊ शकते. टप्प्याच्या जागेत १५ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. हवेच्या रोधाचा अंदाज शंभर टक्के बरोबर नसतो. सगळं धरून मी त्याला लिहायला सांगितलं: ९७, अधिक-उणे ३. पुढच्या रविवारी ९९ आला. "वाढला!" तो ओरडला. मी म्हटलं, अजून नाही सांगता येत. दोन्ही आकडे एकमेकांच्या चुकीच्या पट्ट्यात बसतात. मग दहा चेंडू टाकून सरासरी काढली. चित्र ओळखण्यासारख्या, कधी जास्त कधी कमी होणाऱ्या चुका दहा चेंडूंच्या सरासरीत साधारण एक तृतीयांशावर येतात. पण फक्कीची रेघच चुकीच्या जागी मारली असेल तर शंभर चेंडू टाकूनही ती चूक तशीच राहते. हा फरक त्याला समजला, आणि त्या दिवशी मला त्याचा वेग वाढल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

कारण इथूनच 'अंपायर्स कॉल' समजतो, म्हणजे पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडू यष्टींना निसटताच लागताना दिसला तर पंचांचाच निर्णय कायम ठेवणं, ज्याच्यावर आपल्याकडे सगळे चिडतात. चेंडू यष्टींना लागताना स्पष्ट दिसतोय, मग नाबाद कसा?

बॉल ट्रॅकिंगचं हॉक-आय तंत्र पॉल हॉकिन्स यांनी इंग्लंडमध्ये विकसित केलं आणि २००१ मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत ते पहिल्यांदा टीव्हीवर आलं. मैदानाभोवतीचे अनेक कॅमेरे चेंडू टिपतात, आणि वेगवेगळ्या कोनांवरून त्याची जागा त्रिमितीत काढली जाते. एका फोनला जी खोली कळत नाही, ती अनेक कॅमेऱ्यांना कळते. पॅडपर्यंतचा मार्ग असा प्रत्यक्ष पाहिलेला असतो. पॅडनंतरचा मार्ग कुणीच पाहिलेला नसतो, तो गणिताने पुढे वाढवलेला असतो.

कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच पटेल. सोंगटी जवळच्या खिशात घालताना कोन जरासा चुकला तरी चालतं. तीच चूक बोर्डाच्या पलीकडच्या खिशापर्यंत वाढत जाते. समजा टप्प्यानंतर चेंडू एकच मीटर दिसला आणि पॅडवर आदळला. सेकंदाला ३४० चित्रं घेणारा कॅमेरा असला तरी तेवढ्यात जेमतेम अकरा चित्रं मिळतात. त्या एका मीटरच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटर उलटसुलट चूक झाली, तर आणखी दोन मीटर पुढे असलेल्या यष्टींपाशी ती एक सेंटिमीटर होते. टप्प्यानंतर चेंडू जितका कमी दिसेल तितकं हे वाढतं.

२०११च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात सचिन २३वर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंच इयान गूल्ड यांनी त्याला पायचीत दिलं. सचिनने गंभीरशी बोलून रिव्ह्यू घेतला, चेंडू लेग स्टंप चुकवून जाताना दिसला, आणि पुढे त्याने ८५ केल्या. त्या रेषेवरून नंतरही वाद झाले. आपल्या क्रिकेट मंडळालाही बॉल ट्रॅकिंगवर भरवसा नव्हता. २०१६च्या इंग्लंड मालिकेत मंडळाने डीआरएस, म्हणजे पंचांच्या निर्णयाची तंत्राने फेरतपासणी करायची पद्धत, स्वीकारली.

नियम असा: चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागताना दिसला तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, म्हणजे पट्टा ३.६ सेंटिमीटरचा. हा पट्टा माझ्या वरच्या हिशेबातल्या चुकीपेक्षा मोठा आहे, तो आखडावा असं कुणी म्हणालं तर मी ऐकेन. पण तो काढूनच टाका म्हणणं मला मान्य नाही. २०२१ मध्ये अनिल कुंबळे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयसीसी क्रिकेट समितीने 'अंपायर्स कॉल' ठेवला, चेंडू यष्टींना लागतोय का हे ठरवण्याच्या पट्ट्याची वरची हद्द मात्र वर नेली. कुंबळे स्वतः अभियंते आहेत. तो निर्णय मला मोजमापाची जाण असलेल्या माणसाचा वाटतो.

सध्या आमच्यापुढे टेनिस बॉल आहे. तो साधारण ५८ ग्रॅमचा, सीझन बॉल १६० ग्रॅमचा. आकार जवळपास सारखा, त्यात टेनिस बॉलवर लव. तितक्याच वेगाला हवा त्याला सुमारे तिप्पट मागे ओढते. माझ्या हिशेबाने हातातून ९०ने सुटलेला सीझन बॉल टप्प्यापाशी ८३ वर असेल आणि टेनिस बॉल ७० वर. दोन्ही आकडे भाच्याने वहीत पेन्सिलीने लिहून ठेवलेत, शेजारी अधिक-उणेचा रकाना मोकळा सोडलाय. रविवारी सकाळी साडेसहाला फक्की मारायची आहे.