रंगभवन, बँजो आणि कोकण किनाऱ्यावरचं रॉक

रत्नागिरी, चिपळूण, मालवण किंवा अलिबागचा नवा रॉक बँड नीट समजून घ्यायचा तर दोन गोष्टी आधी ठाऊक हव्यात. मुंबईत रॉकचे कार्यक्रम कुठे होत आले, आणि आपल्याकडे गणपतीत-शिमग्यात बँजो कसा वाजतो.

आधी मुंबई. 1984 मध्ये रॉक मशीन हा बँड सुरू झाला. 1988 मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 1993 मध्ये ते इंडस क्रीड झाले. 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी आय-रॉक, भरू लागला आणि धोबीतलावचं रंगभवन त्याचं घर झालं. उघडं प्रेक्षागृह, चालत जाण्याच्या अंतरावर रेल्वे स्टेशनं, शेजारी झेवियर्स कॉलेज, जवळच फर्टाडोसचं वाद्यांचं दुकान. पुढे ध्वनिप्रदूषण नियम, 2000 आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयांभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्रात गेले आणि रंगभवनातलं रॉक थांबलं. डेमॉनिक रिझरेक्शन (2000), भयानक मौत (2003) या बँडच्या पिढीला कॉलेज फेस्टिव्हल आणि बंदिस्त क्लब धरावे लागले. 2007 मध्ये ब्लू फ्रॉग हा क्लब उघडला तो लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात. कोकणातून गेलेल्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या ज्या गिरणगावात राबल्या, तिथेच. 2016 मध्ये तोही बंद पडला. रंगभवनाची जागा भरून काढेल असं उघडं, सर्वांचं ठिकाण शहराला पुन्हा मिळालं नाही, आणि हे नुकसान फार मोठं आहे.

आता बँजो. आपला बँजो म्हणजे मूळचं बुलबुल तरंग, आणि त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये केलेला. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. काही तारांवर चाल वाजते, उरलेल्या एकाच सुरात घुमत राहतात. बँजो पार्टीत, म्हणजे मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकात, तारांपाशी पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवतात आणि आवाज ॲम्प्लिफायरमधून टेम्पोवरच्या भोंग्यांत सोडतात. भोंग्याला खर्ज झेपत नाही, तो मधलेच सूर पुढे काढतो. वर गेन (ॲम्प्लिफायरमध्ये शिरणाऱ्या आवाजाची पातळी) चढवला की आवाज फाटतो, पण चाल गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ पोचते. गिटारवाले फझ पेडल (आवाज मुद्दाम फाडणारं, पायाने दाबायचं यंत्र) लावून शोधतात तो आवाज याच्या अगदी जवळचा. बँजोवर हात बसलेला मुलगा गिटार धरतो तेव्हा कॉर्डपेक्षा (एकत्र छेडलेल्या सुरांपेक्षा) एकाच तारेवर वर-खाली चाल वाजवणं त्याला सोपं जातं, आणि कोळीगीतांवर वाढलेल्या ड्रमरला सहा मात्रांचा ठेका शिकवावा लागत नाही. इथल्या बँडनी हे लपवू नये. हीच त्यांची ओळख आहे.

कार्यक्रमांचं गणित मात्र कठीण आहे. पावसाचे चार महिने उघड्यावर काही करता येत नाही, गणपती-नवरात्रात वादक पार्ट्यांत अडकलेले, मार्चात शिमगा आणि परीक्षा. मुख्यतः उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उघड्यावर रात्री 10 नंतर स्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस देऊ शकतं आणि ती बहुतेक सणांनाच जाते. म्हणून नाट्यगृह.

नाट्यगृह असतं बोलण्यासाठी बांधलेलं. ड्रम आणि गिटारचा ॲम्प स्टेजवरच इतके मोठे होतात की गायकाचा माइक वर नेला की शिट्टी येते. 15-20 वॅटचा ॲम्प पुरतो. तो आडवा, विंगेकडे तोंड करून ठेवावा, बास डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी छोटी पेटी) थेट मिक्सरला द्यावा, आणि साधा कार्डिऑइड माइक (समोरचा आवाज घेणारा, पाठीमागचा टाळणारा) असेल तर मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, त्याच्या बरोबर पाठीमागे. घुंऽऽ असा आवाज येत राहिला तर मिक्सर आणि स्टेजवरचे ॲम्प वेगवेगळ्या विजेच्या पॉइंटवर आहेत का ते पाहावं. सगळं एकाच अर्थिंगवर आणलं की बहुधा तो जातो. अर्थिंगची पिन काढूनही तो जातो, पण मग ॲम्पमध्ये बिघाड असला तर हातात गिटार असलेल्या गायकाला माइकला ओठ लागताच शॉक बसतो. ते कधीही करू नये. खाऱ्या हवेत जॅक हिरवे पडतात, तारा गंजतात. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या कायम ठेवाव्यात.

नवीन गाणी काढणं त्या मानाने सोपं झालं आहे. कॅसेटच्या काळात कंपनी लागायची, आता दोन चॅनेलच्या इंटरफेसवर (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आवाज आणि गिटार घरीच रेकॉर्ड होतात. फक्त ड्रमना किमान चार माइक लागतात, म्हणून तेवढ्यापुरता स्टुडिओ घ्यावा. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं. त्यांच्या संपादकांकडे गाणं प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी पोचावं लागतं, म्हणून वितरकाकडे (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणारी कंपनी) 3-4 आठवडे आधीच द्यावं. बँडचं नाव एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये भरलं की दोन वेगळी पानं तयार होतात आणि ऐकणारे विभागले जातात. पहिल्याच गाण्याला एक लिपी ठरवून घ्यावी, आणि चाल व शब्द कोणाचे हे त्याच दिवशी लिहून ठेवावं. आयपीआरएस (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) कडे नोंदणी करताना हिश्शांचे आकडे विचारतात, आणि बँड फुटल्यावर ते ठरवायला कोणी एकत्र बसत नाही.